चिकटवलेले डोळे

"डोळे काढले का फडकं टाक. रातभर पाहू नको. सकाळी फडकं उचल. तुले लाज नाई वाटली, तरच तोंड घराबाहेर काढ."

मनकर्णाबाई असं सांगायच्या. महालक्ष्म्यांचे शाडूचे मुखवटे मी दर्यापूरला त्यांच्याच हाताखाली शिकले. आमच्याकडे मुखवट्याला तोंडच म्हणतात. माझा नेम ठरलेला. आधी स्नान, मग मौन. पोथीचा अध्याय आणि आरती होईस्तोवर शब्द काढायचा नाही. त्यानंतर रंग. जोडी जवळजवळ ठेवून दोघींचे डोळे एकाच बैठकीत काढायचे, कारण थोरली किंचित धाकटीकडे बघते आणि धाकटी थोरलीकडे. बहिणी आहेत त्या. हाताला झेपतील तेवढ्याच जोड्या करायच्या. राजापेठेतल्या आमच्या पूजेच्या दुकानात माझा मुलगा अमोल त्या विकतो आणि कुरकुरतो, "आई, गिऱ्हाईक उभं आहे अन तू फडकं झाकून बसून राहिली."

या भाद्रपदात, बाया, म्हणजे महालक्ष्म्या, बसायला दोनच दिवस उरले असताना, मी पोथीला बसले होते. दारात एक बाई आली, घामाघूम, पिशवी छातीशी धरलेली.

"मुखवटे करनारी माय तुमीच का? मी लीलाबाई, अकोल्याहून आली."

तिनं टॉवेल सोडला. आत थोरली होती. गाल माझ्या हातचे, जिवणी माझ्या हातची. डोळे मात्र बाजारचे, छापलेले, वरून चकचकीत वार्निश.

"तुमच्या दुकानातूनच जोडी नेली होती. धाकटी घरी ठेवून आली. काल दोघी उभ्या करून पाहल्या, तं दोघीबी उजवीकडंच पाहतात! धाकटी बहिणीले पाठ देऊन भिंतीकडं पाहून राहिली. सुना मले हसतात. म्हणे, आत्याबाई, रुसलेल्या बाया आणल्या का?" ती माझ्याकडे वाकली. "बोला नं! का तोंडालेबी स्टिकर लावलं?"

मी पोथीच्या ओळीवर बोट दाबून धरलं.

अमोल आतून आला. मुखवटा पाहिला, माझ्याकडे पाहिलं, आणि लोण्यासारखं बोलला, "काकू, रागावू नका. वय झालं, हात हालते आता आईचा. मी बदलून देतो."

माझा हात!

कानशिलं तापली. देवासमोर जिभेवर काय काय आलं, ते लिहवत नाही. पण अध्याय मी गिळला नाही, एक ओळ सोडली नाही. आरती केली. घंटा अशी वाजवली की अमोल दोन पावलं मागे सरला. मग बोलले. माझा आवाज चढत नाही. तेव्हाही चढला नाही.

"अमोल, यांच्यासमोर सांग. डोळे कोणी लावले?"

"आई, मंग बोलू."

"आत्ता."

"फळीवर कोरी तोंडं पडून होती. लोकायले काय समजते त्यातलं?"

"समजलं म्हणून तर अकोल्याहून आल्या त्या."

लीलाबाईनं मुखवटा उचलून डोळ्यांजवळ धरला. "म्हणजे माय, हे तुमचं कामच नाई?"

"तोंडं नेली, ते एक वेळ पोटात घातलं असतं," मी अमोलला म्हटलं. "मी बोलू शकत नाही हे पाहून तू माझ्या हाताबद्दल खोटं बोललास. आजपासून दुकानात माझं एकही तोंड जाणार नाही. ज्याला हवं तो इथं येईल आणि थांबेल."

"अन मी कबूल केलेल्या जोड्या?"

"तू कबूल केल्यास, तूच सांग घरोघरी जाऊन. स्टिकरवाल्या परत आण."

"नाक कापलं जाईल माझं!"

"माझा हात कापताना काही नाही वाटलं?"

तो पाय आपटत निघून गेला.

"मंग माझं कसं?" लीलाबाई हळू आवाजात म्हणाली. "परवा बाया बसतात. मी पुन्हा येऊ नाई शकत."

"थोरलीला घरी न्या. जोडी समोर असल्याशिवाय नजर जमत नाही. उद्या पोथी झाली की मी निघते. तुमच्याकडंच मुक्काम करीन. परवा सकाळी फडकं उचलून आधी मी पाहीन, मग तुम्ही."

पत्ता सांगून, पाणी पिऊन ती गेली. माझा राग गेला नाही. भाजीत मीठ दोनदा पडलं. अमोलनं ती तशीच संपवली.

दुसऱ्या दिवशी आरती झाली. रंग, कुंचले, वार्निश खरवडायची बोथट सुरी पिशवीत भरली. अमोलनं गाडी बाहेर काढली होती.

"स्टँडवर सोडून देतो नं, आई."

डोक्यावर पदर घेतला, चपला घातल्या आणि त्याच्या गाडीला वळसा घालून मी चालत निघाले.