चावी काढल्यानंतर

दत्तूभाऊजींच्या उजव्या तळव्यावर एक वर्तुळ होतं. हातावरच्या सगळ्या रेषांना ओलांडून बसलेलं, फिकट जांभळं, चंद्राला खळं पडावं तसं. मार्गशीर्षात गोदामांच्या पत्र्यांवरून धुकं घरंगळत अंगणात उतरायचं, तेव्हा ते आमच्या जुन्या ट्रकचं बॉनेट उघडायचे, कार्बोरेटरच्या उघड्या तोंडावर तळवा दाबून धरायचे, आणि आत बसलेले आमचे हे चावी फिरवायचे. थंडीनं आखडलेलं ते इंजिन आधी हवा नाही, भाऊजींचा तळवाच ओढून घ्यायचं, तान्हं मूल छातीला लागतं ना, तसं. मग एक खोकला, दुसरा खोकला, आणि सगळं अंगण त्या धडधडीनं भरून जायचं. "घेतला गो बयेनं श्वास," भाऊजी म्हणायचे आणि हात लुंगीला पुसायचे. वर्तुळ मात्र पुसलं जायचं नाही.

भाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर. वडप्याच्या हमरस्त्याला त्यांचं गॅरेज, आणि आमचं घर त्याच्या पाठीमागे. माणूस उंच, वाळलेला, बोलण्यात कंजूस. पण ऐकण्यात असा श्रीमंत, की काय सांगू! लांब पेचकसाची मूठ कानाच्या हाडाला लावायची, टोक इंजिनाला टेकवायचं, आणि डोळे मिटायचे. त्या वेळी त्यांच्या चेहऱ्यावर जी स्थिरता यायची, ती मी फक्त गाभाऱ्यात पाहिली आहे. जाणाऱ्या-येणाऱ्या कंटेनरांचा गोंगाट, यंत्रमागांची दूरवरची खडखड, माझी अखंड बडबड, सगळं त्या पेचकसाच्या बाहेर राहायचं.

ट्रक लष्कराच्या लिलावातला, पेट्रोलवर चालणारा, आमच्या संसाराइतका जुना. कापडाचे तागे वाहून वाहून त्याच्या फळ्यांनाही खळीचा वास लागलेला. त्याला एक खोड होती. चावी काढली तरी तो लगेच थांबायचा नाही. तापलेलं इंजिन उरलंसुरलं पेट्रोल स्वतःच ओढायचं, ठिणगीवाचून पेटवायचं, आणि चार-पाच आचके देऊन मग शांत व्हायचं. "म्हातारीला झोप लागायला वेळ लागतो," असं हे म्हणायचे, माझ्याकडे बघत, मिशीत हसत. मी म्हणायची, "म्हातारीला तुम्ही झोपू कुठे देता?" चावी खिशात, माणूस ओसरीवर, आणि ट्रक मात्र अजून कुणाशी तरी बोलतोय. तेव्हा त्यात मला भीतीदायक काही वाटलं नाही. सवयीचं झालेलं गूढ घरातल्या मांजरासारखं असतं हो. पायात आलं तरी आपण दचकत नाही.

हे गेले ते कशेळीला, खाडीपाशी, वाहनांच्या रांगेत. भर दुपार होती. भाऊजी शेजारच्या सीटवर. रांग हलली, ट्रक हलला नाही. मागून भोंगे सुरू झाले, शिव्या सुरू झाल्या. भाऊजींनी वळून पाहिलं, तर त्यांच्या दादाचे हात स्टिअरिंगवर होते, डोळे समोर होते, आणि दादा नव्हता. त्याच्या गुडघ्यावरून हात घालून भाऊजींनी चावी काढली. आणि इंजिन चालतच राहिलं. चार आचके, पाच आचके. आणि प्रत्येक आचक्यासरशी स्टिअरिंगवरचे ते हात हलत होते.

हे सगळं मला भाऊजींनी तेराव्या दिवशी सांगितलं, पाहुणे पांगल्यावर, ट्रककडे पाठ करून. "वहिनी, दादा जाताना गाडी चालू व्हती. बंद मी केली." मी म्हटलं, "भाऊजी, ते त्याआधीच गेले होते." ते तळवा लुंगीला पुसत राहिले. मग म्हणाले, "चावी काढली तरी ती थांबत न्हवती, वहिनी. मंग त्यो तरी थांबला व्हता का न्हाय, कुणाला म्हाईत?" आणि खरं सांगते, त्या प्रश्नाचा गारवा माझ्याही मानेवर उतरला, तो अजून तिथेच आहे.

तेव्हापासून भाऊजी इंजिन बदलू लागले. आधी त्यांनी भंगारातल्या गाडीचं इंजेक्शनचं इंजिन आणून बसवलं. त्याला श्वास द्यायला तळवा लागत नाही. टाकीतला विजेचा पंप जोरानं पेट्रोल पाठवतो, एक छोटी काळी पेटी किती थेंब द्यायचे ते ठरवते. धुक्यातही एका चावीत सुरू. आणि चावी काढली की तत्क्षणी, दिव्याचं बटण दाबावं तशी, निखळ, निर्दोष शांतता. ती शांतता भाऊजींना सोसेना. ट्रकमधून उतरून ते तिथेच उभे राहायचे, मान तिरकी करून, जणू कुणी वाक्य अर्ध्यावर सोडून गेलं आहे. मग पावसाळा सरायच्या आत त्यांनी ते इंजिन उतरवलं आणि जुनं पुन्हा चढवलं. पुढे परत उतरवलं, परत चढवलं. शेजारच्या गॅरेजचे रहमतचाचा हसायचे. "दत्तूसेठ, इंजन बदलते हो या लुंगी?" पण हसू त्यांच्या डोळ्यांत पोचायचं नाही. मला एकटीला गाठून ते म्हणाले, "भाभी, इसको सँभालो. ये गाडी नहीं बना रहा, किसी को बुला रहा है."

जुनं इंजिन असलं की भाऊजी चावीनं ते कधीच बंद करत नसत. पेट्रोलचा पितळी नळ तेवढा फिरवायचे आणि आत जाऊन बसायचे, शेजारच्या सीटवर. चालकाची जागा मोकळी ठेवून. कार्बोरेटरच्या वाटीत उरलेलं पेट्रोल इंजिन घोट घोट पीत जायचं, आवाज पातळ होत जायचा, आणि शेवटी ते आपणहून थांबायचं. कुणी न थांबवता. दिवेलागणीला मी तुळशीशी यायची तेव्हा काचेआडून त्यांची आकृती दिसायची, ओठ हलताना दिसायचे. मी कधी विचारलं नाही. काच आतून कडेकडेनं वाफाळलेली असायची, दोन्ही बाजूंची, आणि आत माणूस एकच.

मग ती संध्याकाळ आली. त्या दिवशी त्यांनी जुनं इंजिन घाईघाईनं चढवलं होतं, आणि घाईत नव्या इंजिनाचा पंप तसाच ठेवला होता, त्याची नळी थेट कार्बोरेटरला जोडून. पितळी नळ होता तिथेच होता, पण त्याच्यातून आता काही वाहतच नव्हतं. भाऊजींनी तो फिरवला, आत जाऊन बसले, आणि वाट बघू लागले. इंजिन थांबेना.

मी पणती घेऊन बाहेर आले तर आवाज नेहमीसारखा पातळ होत नव्हता. जड होत होता, ओला, घुसमटलेला. धूर काळा. काचेआड भाऊजींचा चेहरा. देवा, तो चेहरा! त्यावर भीती नव्हती हो, आनंद होता. ते मोकळ्या सीटकडे वळून बोलत होते. माझ्या हातातली ज्योत ट्रकच्या दिशेनं झुकली. वारा होता की काय, मला सांगता येणार नाही. आणि मग वास आला. त्या पंपाचा जोर कार्बोरेटरला पेलत नव्हता. पेट्रोल ओसंडून गरम लोखंडावरून टपटपत होतं, तुळशीच्या दिशेनं त्याचा ओघळ येत होता, आणि पेटती पणती माझ्याच हातात होती.

सांजेचा दिवा तोंडानं फुंकायचा नाही, ही लहानपणापासूनची शिकवण. त्या क्षणीही ती मोडवली नाही, बघा. मी तळवा पणतीवर दाबला. मग दार उघडून, आयुष्यात पहिल्यांदा, चालकाच्या जागी चढले. भाऊजींनी माझं मनगट धरलं. "नको वहिनी! थांबत न्हाय तो. बघा, जायाचं न्हाय त्याला!"

"भाऊजी, पेट्रोल खाली सांडतंय. सोडा हात."

"दादा हाय."

"असू देत. आता मी बंद करते. मी बायको आहे त्यांची, हे माझं काम."

हात सुटला. मी चावी काढली. एक आचका. दोन. माझ्या पायाखालची फळी हलत होती, स्टिअरिंग हलत होतं, आणि त्यावर ठेवलेले माझे हात हलत होते. आम्ही दोघांनी श्वास रोखला. पाचवा आचका लांबला, जणू दारातून कुणी मागे वळून पाहिलं. मग काही नाही. खाडीकडून येणाऱ्या गाड्यांचा आवाज तेवढा उरला. भाऊजी पोरासारखे रडले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा रडले.

आता ट्रकमध्ये इंजेक्शनचंच इंजिन आहे, कायमचं. जुनं अंगणातल्या फणसाखाली फळ्यांवर ठेवलंय. त्याच्या कार्बोरेटरच्या तोंडात भाऊजींनी स्वच्छ फडक्याचा बोळा बसवलाय. रहमतचाचा रोज चहाला येतात, लुंगीवरून चिडवतात, आणि भाऊजी उलट उत्तर देतात, म्हणजे बरे आहेत. त्यांच्या तळव्यावरचं वर्तुळ विरून गेलं. माझ्या तळव्यावर मात्र एक उमटलं आहे, पणतीच्या काठाएवढं, फिकट जांभळं.

पहाटे भाऊजी ट्रकची खेप टाकून येतात, चावी निघते, शांतता तत्क्षणी होते. आणि त्या शांततेत आम्ही दोघं, ते अंगणात, मी चुलीपाशी, मान किंचित तिरकी करून थांबतो. गेलेलं माणूस एका क्षणात जातं, पण त्याचं जाणं आपल्यात चालूच राहतं, ठिणगीवाचून, उरल्यासुरल्या उबेवर; आणि ते कधी थांबलं हे ज्याला कळलं, असा माणूस मला अजून भेटलेला नाही.