काठावर कोणीतरी हवं

जेवताना फोन वाजला, तर त्या घरात कोणी कपाळाला आठ्या घालत नसे. हातातला घास ताटात ठेवायचा आणि फोन उचलायचा, ही तिथली रीतच होती. सर, म्हणजे तलावावरचे पोहण्याचे प्रशिक्षक, मोठ्या अभिमानानं म्हणायचे, "माझ्या पोरांसाठी माझं दार चोवीस तास उघडं आहे." दार म्हणजे फोन, आणि पोरं म्हणजे तलावावर शिकायला येणारी सगळी मुलं. पोटच्या लेकीचा नंबर त्यांच्यानंतर लागायचा. लेक हे हसत हसत सगळ्यांना सांगायची.

आता सर नव्हते. लेक त्यांच्याच जागी, त्याच तलावाच्या काठावर, त्यांचीच शिट्टी गळ्यात घालून उभी राहत होती. मुलं तिला ताई म्हणत. जेवताना फोन वाजला की तीही घास ठेवून उठायची.

"बस खाली," आत्या म्हणाली. "भाजी निवतेय. कोणी बुडत नाहीये."

"पोरांचा असतो गं."

"पोरांना आईबाप आहेत ना? का तेही तुलाच सांभाळायचेत?"

आत्या म्हणजे सरांची थोरली बहीण. शाळेची मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेली, पण वर्गावरचा आवाज अजून तसाच. भाऊ गेल्यापासून ती भाचीच्या सोबतीला येऊन राहिली होती. तिला रडताना कोणी पाहिलं नव्हतं. फक्त ती हल्ली चहात साखर घालायला विसरायची, आणि भाचीही न बोलता तो तसाच प्यायची.

फोन पोरांचा नव्हता. तलावाच्या समितीचा निरोप होता, पुन्हा तोच. सरांचं पेज काढून टाकावं. मुलांशी खासगी निरोपानिरोपी बंद करावी. प्रत्येक संभाषणात पालक असावेत.

तिनं फोन पालथा घातला.

सरांच्या सवयी दोन होत्या, आणि दोन्ही मायेपोटी लागलेल्या. रोजच्या सरावाचे व्हिडिओ ते आपल्या पेजवर टाकत. सोबत मुलाचं नाव, त्यांनी ठेवलेलं टोपणनाव, कोणत्या तुकडीत येतो, कोणत्या दारानं आत शिरतो, सगळं असायचं. मुलं ते पाहून फुलून जात. दुसरी सवय वेळेची. शर्यतीचं अंतर कोण किती वेळात पोहलं, हे सर फक्त त्या मुलाला खासगी निरोपातून कळवत, आणि खाली लिहीत, 'घरी सांगायचं नाही. हे आपल्या दोघांत.' त्यालाही कारण होतं. आईबापांना वेळ कळली की जेवणाच्या ताटाशेजारी घड्याळ येऊन बसतं, हे त्यांनी उभ्या आयुष्यात पाहिलं होतं. आकड्यापायी मार खाल्लेली मुलं त्यांच्याकडे पाण्यात तोंड लपवून रडलेली होती. मुलांना त्या ताणातून वाचवायचं, एवढाच त्यांचा हेतू.

मग कोणीतरी सरांचा फोटो लावून नव्या नंबरावरून मुलांना निरोप पाठवू लागलं. त्याला कष्ट करावेच लागले नाहीत. कोणाला काय हाक मारायची, सर कसे बोलतात, व्हिडिओच्या शेवटी 'वेळ कळवतो, आपल्या दोघांत' असं कसं म्हणतात, सगळं पेजवर मांडून ठेवलेलं होतं. त्यानं मासोळीला गाठलं. मासोळी म्हणजे सरांनी हे टोपणनाव दिलेली नववीतली मुलगी, त्यांची सर्वांत लाडकी. आधी खांद्याच्या व्यायामाचा व्हिडिओ मागितला. सर मागायचेच तसा. मग फोटो मागितले. मग आणखी मागितले. ती नाही म्हणाली तेव्हा धमक्या सुरू झाल्या. दर वेळी शेवटी तेच एक वाक्य असे, 'हे आपल्या दोघांत', आणि त्या वाक्याची मासोळीला शंका येण्याचं काही कारणच नव्हतं. खूप उशिरा, तिचं जेवण तुटल्यावर आणि केस मुठीमुठीनं गळू लागल्यावर आईला पत्ता लागला.

पोलिसांनी शोध घेतला आणि सर निर्दोष असल्याचं सांगितलं. पण आरोप सगळ्यांनी ऐकला होता. सुटका ऐकायला कोणी थांबलं नाही. सर पुन्हा पाण्यात उतरले नाहीत. त्या धक्क्यानं त्यांनी अंथरूणच धरलं. दवाखान्यातल्या खाटेवर ते छताकडे बघत पुन्हा पुन्हा एवढंच म्हणायचे, "वाक्य माझंच होतं गं."

"बाबा, तुम्ही काही केलेलं नाही," लेक म्हणायची. ते मान फिरवायचे. तिला वाटे, उगाच स्वतःला लावून घेतायत.

"समितीला उत्तर दे," पालथ्या फोनकडे बघत आत्या म्हणाली.

"नाही देणार. पेज काढलं की लोक म्हणतील, बघा, पाणी मुरतच होतं कुठेतरी."

"लोकांचं काय घेऊन बसलीस! काढलंस तरी बोलतील, ठेवलंस तरी बोलतील."

"आणि आवाज?" ती म्हणाली. "बाबांचा आवाज आणखी कुठे उरलाय, सांग ना."

त्या व्हिडिओंत सर कुठे दिसायचे नाहीत. ते फोन धरून उभे असत. ऐकू यायचा फक्त आवाज. 'खांदा सोड… पाण्याशी भांडू नकोस… शाब्बास!' रोज सकाळी चहा घेताना ती तो आवाज लावायची, आणि आत्या ओट्यापाशी पाठ करून उभी राहायची.

थोड्या वेळानं आत्यानं विचारलं, "तुझ्या बापाला पोहता येत होतं ना?"

"हा काय प्रश्न झाला?"

"मग एकटा का नाही उतरायचा पाण्यात?"

"कसे उतरतील? तलावाचा पहिला नियम आहे तो. काठावर कोणी असल्याशिवाय पाण्याला पाय लावायचा नाही. जीवरक्षक काकांना यायला उशीर झाला तर बाबा टॉवेल खांद्यावर टाकून बाहेर बसून राहायचे."

"का गं? स्वतःवर भरवसा नव्हता त्याचा?"

"भरवशाचा काय संबंध? कितीही पट्टीचा पोहणारा असला तरी…" ती मध्येच थांबली.

"बोल की. कितीही पट्टीचा असला तरी?"

तिनं ताटातला घास उगाच कुस्करला.

"फोनमध्ये तो एकेका पोराला एकेकटं घेऊन उतरत होता, बयो. काठावर कोणी नसताना. माझा भाऊ वाईट नव्हता, हे मला तू जन्मायच्या आधीपासून ठाऊक आहे. पण असले नियम वाईट माणसाला सुधारायला नसतात. तो कशाला वाचत बसतोय! ते आपल्यासारख्यांसाठी असतात. वाईट माणूस वेष कोणाचा घेणार? चांगल्या माणसाचाच ना? मग चांगल्या माणसानं असं वागावं, की तो वेष चोराच्या अंगाला बसूच नये."

"तूसुद्धा, आत्या? तूसुद्धा बाबांनाच…"

ती ताटावरून उठली. त्या घरात पहिल्यांदाच कोणी फोन वाजलेला नसताना ताटावरून उठलं होतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सराव संपला. तलावावर क्लोरीनचा वास, ओल्या फरशीवर चपलांची चटचट, कपडे बदलायच्या खोलीतून "माझा टॉवेल कोणी घेतला!" अशी बोंबाबोंब. ती पोहायला शिकवायच्या फळ्या रचून ठेवत होती. तेवढ्यात बेडकू समोर येऊन उभी राहिली. बेडकू चौथीतली, पाय बेडकासारखे सुरेख मारायची म्हणून सरांनी ठेवलेलं नाव. वेणीतून पाणी ठिबकत होतं.

"ताई, बघितला का माझा व्हिडिओ?"

"कुठला गं?"

"खांद्याचा! आरशासमोर काढायला सांगितलात तो. कालच पाठवला ना मी, तुमच्या नव्या नंबरावर."

तिच्या हातातली फळी फरशीवर पडली. नवा नंबर! तिच्याकडे नवा नंबर नव्हताच!

"अजून… अजून काय म्हणाले मी, बेडकू?"

"विसरलात?" बेडकू खुदकन हसली. "उद्या मागच्या दाराशी लवकर ये, तुझी वेळ सांगते, असं आज सकाळीच म्हणालात की. आणि ताई, मी आईला नाही सांगितलं हं. अगदी कोण्णाला नाही!"

शाबासकीसाठी तिनं मान वर केली होती.

ताईला ओरडावंसं वाटलं. पण मासोळीच्या आईनं सगळं कळलं त्या दिवशी मासोळीवर हात उगारला होता, आणि त्यानंतर कित्येक आठवडे मासोळी कोणाशी बोललीच नव्हती, हे तिला आठवलं. ती ओल्या फरशीवर खाली बसली आणि तिनं बेडकूचे गार हात हातात घेतले.

"तू मला हे सांगितलंस, फार चांगलं केलंस. तू काहीही चुकलेली नाहीस. पण तो नंबर माझा नाही. ते निरोप पाठवणारी मी नव्हते. आपण आत्ता आईला फोन करूया."

बेडकूचा चेहरा उतरला.

"पण तुम्हीच म्हणाला होतात ना ताई, आपल्या दोघांत?"

आणि खरोखरच म्हणाली होती ती! गेल्याच आठवड्यात, स्वतःच्या खऱ्या नंबरावरून, बाबांची रीत म्हणून. चोरानं शब्दसुद्धा बदलला नव्हता. तलाव सावरून घ्यावा म्हणून बाबांच्या जागी उभी राहिली, आणि त्यांच्या शिट्टीबरोबर तिनं हेही गळ्यात घातलं होतं. वाक्य माझंच होतं गं. दवाखान्यात तो माणूस शुद्धीत, अगदी नेमकं बोलत होता. ऐकायचं तिनंच नाकारलं होतं.

बेडकूची आई धावत आली. पोलिसांच्या सायबर शाखेतल्या बाई म्हणाल्या, "काही पुसू नका, त्याला उत्तर देऊ नका. आधी सगळं नोंदवून घेऊ, मग पेज काढा." दुसऱ्या दिवशी मागच्या दाराशी साध्या वेषातले पोलीस उभे राहिले. बेडकू घरी आईच्या कुशीत होती. दाराशी कोणीही आलं नाही. नंबर बंद झाला. तो कोण होता, हे आजही कोणाला माहीत नाही. कदाचित तो दुसऱ्या कुठल्या तलावावरचे, दुसऱ्या कुठल्या वर्गातले व्हिडिओ बघत बसला असेल.

पोलिसांचं काम झाल्यावर तिनं ज्याचा त्याचा व्हिडिओ ज्याच्या त्याच्या आईबापांकडे पोचता केला. मग आत्याला शेजारी बसवलं आणि शेवटचा एक लावला. पडद्यावर नुसतं पाणी उडत होतं. 'पाण्याशी भांडू नकोस… शाब्बास!'

"पुन्हा एकदा लाव," आत्या म्हणाली.

तिनं पुन्हा लावला. आत्यानं पदर तोंडात कोंबला, आणि त्या घरात पहिल्यांदा तिचं रडणं ऐकू आलं. मग लेकीनं पेज काढून टाकायचं बटण दाबलं. ज्या पडद्यावर बाप बोलत होता, तो पांढरा झाला.

एक काम उरलं होतं. ती मासोळीच्या घरी गेली. दार मासोळीनंच उघडलं, साखळी न काढता. फटीतून एकच डोळा दिसत होता. केस मुलासारखे बारीक कापलेले.

"मी एवढंच सांगायला आले," ती म्हणाली. "सरांचा तो नियम चुकीचा होता. घरी सांगू नको, असं कुठल्याही मोठ्या माणसानं कधीच सांगायला नको होतं. सरांनीसुद्धा. मीसुद्धा."

साखळी हलली, पण निघाली नाही.

"म्हणजे," मासोळीनं विचारलं, "माझं चुकलं नव्हतं?"

"नाही गं. तुझं काहीच चुकलं नव्हतं."

"सर असं म्हणाले असते?"

"ते हेच म्हणत होते. मलाच ऐकू आलं नाही."

त्या डोळ्यात पाणी आलं. "मी आता पोहत नाही," मासोळी म्हणाली, आणि दार हळूच बंद झालं. ते तिच्यासाठी पुन्हा उघडलं नाही, आणि मासोळी पुन्हा कधी पाण्यात उतरली नाही.

हल्ली त्या घरात जेवताना फोन वाजत नाही. सरावाचे निरोप पालक असलेल्या गटावरच जातात. वेळ मुलाला आणि पालकाला एकदमच कळते, आणि आकड्यावरून मुलाला बोलणाऱ्या बापाला ताई काठावरच गाठून चार शब्द सुनावते. ते काम अवघड होतं, म्हणून तर सरांनी सोपी वाट धरली होती.

आपल्यापैकी कोणी शिकवणी घेतं, कोणी गाणं शिकवतं, कोणी मैदानावर उभं राहतं. मुलं आपल्यावर जीव टाकतात. पण आपण चांगले आहोत, तेवढं त्यांना पुरत नाही. त्यांच्याशी उघड्यावर बोलू या, त्यांचे चेहरे आणि येण्याजाण्याच्या वाटा जगापुढे मांडू नयेत, आणि गुपित राखायला तर गंमतीतसुद्धा शिकवू नये. ज्या मुलाला आपण गप्प राहायला शिकवतो, ते आपल्यासाठीच गप्प राहतं असं नाही.

ताई रोज पाण्यात उतरण्याआधी काठाकडे बघते. जीवरक्षक काका हात वर करतात. मग ती उतरते. मासोळीची जुनी निळी टोपी कपडे बदलायच्या खोलीत खुंटीला अजून आहे. कोणी ती काढत नाही.