चारा-फलक आणि चंद्रीचा फोटो

विद्यापीठाच्या हरित कल्पना स्पर्धेत ऋतुराज इंगवले पहिला आला. अख्ख्या पेठेनं ते वाचलं. लांबनं वाचलं, चष्मा घरी विसरलेल्यांनीही वाचलं. आणि आता आपण सगळे असं धरून चालू की तसलं काही झालंच नाही. स्पर्धा व्हायचीय, निकाल लागायचाय, आणि ऋतुराज अजून कुणालाही तोंड दाखवता येईल अशा अवस्थेत गॅलरीत उभा राहून चहा पितोय.

कल्पना अशी होती. कोल्हापुरात माणसाचा वाढदिवस आला की चौकात फ्लेक्स लागतो. बढती मिळाली की लागतो, नवी गाडी घेतली की लागतो, आजारातून उठला तरी लागतो. मग तो फ्लेक्स कुणाच्या तरी गोठ्यावर ताडपत्री म्हणून दिवस काढतो आणि म्हातारपणी ओढ्यात जाऊन पडतो. त्याऐवजी उसाच्या चिपाडाच्या लगद्याचा बोर्ड करायचा, हळदीच्या नि बिटाच्या रंगात छापायचा, आणि समारंभ आटोपला की म्हशीपुढं टाकायचा. म्हैस नेत्याला खाईल, नेता दुधाच्या रूपानं समाजाच्या उपयोगी पडेल, आणि प्रश्न मिटेल. नाव, चारा-फलक.

नाव ऋतुराजनं दिलं होतं. बाकी सगळं मनालीनं केलं होतं.

मनाली त्याच्याच वर्गात, एम.एस्सी. रसायनशास्त्राला. गुऱ्हाळावरनं चिपाडाची पोती स्कूटीवर बांधून आणणं, तांदळाच्या पेजेत लगदा कालवणं, होस्टेलच्या गच्चीवर दगड ठेवून तो दाबणं, आणि वाळलेला बोर्ड फुटला की पहिल्यापासून सुरू करणं, हे तिचं काम. ऋतुराजचं योगदान म्हणजे नाव, हिरव्या रंगाच्या स्लाइड आणि ओळखीची म्हैस. ओळखीची म्हैस ही काय साधी गोष्ट नव्हे, असं तो स्वतःला अधूनमधून सांगायचा.

जिंकणाऱ्या कल्पनेला विद्यापीठाच्या केंद्रात वर्षभर खोली मिळणार होती आणि दाबयंत्र. मनालीला ते यंत्र हवं होतं, कारण गच्चीवरचे दगड आता तिला नावानिशी ओळखायला लागले होते. ऋतुराजला वेगळंच काही हवं होतं. मनाली कुणाशीही बोलताना ‘आमचा बोर्ड’ म्हणायची. त्या ‘आमचा’मध्ये तोही आहे, हे त्याला फार आवडायचं. ते टिकावं, एवढीच त्याची मागणी होती.

म्हैस सयाजीदादाची. सयाजीदादा म्हणजे पेठेतल्या मंडळाचा अध्यक्ष, आणि म्हैस म्हणजे चंद्री. पाडव्याला शिंगं रंगवून, गळ्यात कवड्यांच्या माळा घालून ती मिरवणुकीत अशी चालायची, की माणसं सयाजीला नमस्कार करायच्या आधी तिला करायची. परीक्षक प्रात्यक्षिक बघायला पेठेत येणार, चंद्री त्यांच्यासमोर चारा-फलक खाणार, असं ठरलं तेव्हा सयाजीचा ऊर भरून आला.

“भावा, बोर्ड लावायचा तुझा.”

“कसला बोर्ड?”

“अभिनंदनाचा. फ्लेक्स.”

“दादा, आमची स्पर्धाच फ्लेक्सच्या विरोधात हाय.”

“म्हणून तर. विरोधात हाय ह्ये लोकास्नी कळायला नको? कशावर लिवायचं मग?”

शेवटी निकाल लागल्यावरच लावायचा, असं ठरलं. ऋतुराजनं हाताची घडी घातलेला, गॉगल लावलेला फोटो पाठवला. तो फोटो त्यानं दोन वर्षांपूर्वी काढून ठेवला होता, कधी लागला तर असावा म्हणून.

“आणि ती तुझ्याबरोबर आलती ती पोरगी?” सयाजीनं विचारलं. “तिचा फोटो टाकायचा का? नाव काय, आडनाव काय, सांग. लिवून घेतो.”

ऋतुराजला आडनाव माहीत होतं. कांबळे. तीन अक्षरं. ती पेठेत, मंडळाच्या बोर्डावर, इंगवल्यांच्या शेजारी कशी दिसतील, हे त्यानं मनातल्या मनात बघितलं. मग सयाजीदादाचं तोंड कसं होईल, ते बघितलं. प्रत्यक्षात सयाजीदादा समोर बसून तपकीर ओढत होता आणि त्याच्या तोंडाला काहीच झालं नव्हतं.

“ऱ्हाऊ दे,” ऋतुराज म्हणाला. “तिला आवडत न्हाय असलं.”

तिला असलं आवडतं का, हे त्यानं तिला कधीही विचारलं नव्हतं.

प्रात्यक्षिकाच्या दिवशी तो चौकात पोहोचला आणि जागच्या जागी थांबला. फ्लेक्स लागला होता. विद्यापीठ हरित कल्पना स्पर्धेत प्रथम क्रमांक पटकावल्याबद्दल पर्यावरणप्रेमी मा. ऋतुराजदादा इंगवले यांचे हार्दिक अभिनंदन, नाद खुळा.

“दादा, निकाल लागायचाय अजून.”

“निकाल लागल्यावर लावलेला बोर्ड कोण बघतंय? आधी लावला की निकालालाच जरा लाज वाटती,” सयाजी म्हणाला. “पावणं यायचं म्हणून मुद्दाम लावलाय.”

“काढा की ओ.”

“आता कसा काढायचा? वर चढलेली पोरं जेवायला गेली.”

तेवढ्यात मनाली आली. काखेत बोर्ड, कापडात गुंडाळलेला. त्यावर हळदीचा सूर्य आणि बिटाची अक्षरं. तिनं वर बघितलं. तिनं सगळा फ्लेक्स वाचला, जसा ती कुठलाही कागद वाचायची तसा, वरनं खाली, काही न गाळता. वर ऋतुराज, डोक्यापासून कमरेपर्यंत. खाली शुभेच्छुकांची रांग, त्यात सयाजी, त्याचे दोन भाचे, पानपट्टीवाला आणि गेल्या वर्षी दुबईला गेलेला एक जण. आणि उजव्या कोपऱ्यात, मोरपिसं लावलेली, कवड्या घातलेली चंद्री. खाली लिहिलं होतं: विशेष सहकार्य.

ऋतुराजला त्या क्षणी पृथ्वीनं पोटात घ्यावं असं वाटलं, पण चौकात नुकतंच काँक्रीट केलं होतं.

“म्हशीचा फोटो चांगला आलाय,” मनाली म्हणाली.

एवढंच. मग तिनं बोर्ड सोडवायला घेतला. गाठ सुटत नव्हती. ऋतुराज मदतीला वाकला, तेव्हा तिनं गाठ दाताखाली धरली आणि सोडवली.

परीक्षक आले. केंद्राच्या प्रमुख संयोगिता मॅडम पुढं, बाकीचे दोघं मागं. मॅडमनी फ्लेक्सकडं बघितलं, ऋतुराजकडं बघितलं, आणि शिकलेल्या माणसासारखं दोन्हीकडं दुर्लक्ष केलं. ऋतुराजनं स्लाइडा वाचून दाखवल्या. प्लॅस्टिक जनावराच्या पोटात गेलं की काय होतं, ही स्लाइड मनालीनं केली होती. ती त्यानं फार भावपूर्ण वाचली, वर लटकलेल्या स्वतःच्या प्लॅस्टिकच्या हनुवटीखाली उभं राहून.

मग चंद्रीला आणलं. शिंगांना तेल लावलेलं. मनालीनं चारा-फलक पुढं धरला. चंद्रीनं सूर्याचा वास घेतला, अक्षरांचा घेतला, आणि मान फिरवली. ह्याच म्हशीनं आठवडाभर रोज असले बोर्ड मिटक्या मारत खाल्ले होते. पण आज तिला दुसराच वास लागला होता. सयाजीनं फ्लेक्स आणल्यापासून गोठ्यात, सरकी पेंडीच्या पोत्यांवर पसरून ठेवला होता. चंद्रीनं मान वर केली, खाली लोंबणारा डावा कोपरा धरला आणि ओढला.

टर्रकन आवाज झाला. चंद्रीनं ऋतुराजचा हात कोपरापर्यंत तोंडात घेतला.

लोक ओरडायला लागले. एकानं पाणी मारा म्हटलं, एकानं ऋतुराजलाच म्हटलं की तू मागनं ओढ. ऋतुराजनं स्वतःच्या फोटोचं दुसरं टोक धरलं आणि नुसता धरून उभा राहिला, लग्नात अंतरपाट धरतात तसा. मनालीनं बोर्ड खाली टाकला, चंद्रीच्या जबड्यात बाजूनं हात घातला आणि लाळेनं लडबडलेलं ते प्लॅस्टिक इंच इंच करत बाहेर काढलं. चंद्री शिंकली. मग खाली पडलेला सूर्य तिला दिसला आणि तिनं तो शांतपणे संपवला.

प्रात्यक्षिक यशस्वी झालं होतं. टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत.

सयाजीनं स्वतः बादली आणली, मनालीच्या हातावर पाणी घातलं. संयोगिता मॅडम फाटक्या फ्लेक्सकडं बघत होत्या.

“ह्यावर हिचं नाव कुठंय?” त्यांनी विचारलं. कुणाला, ते सांगितलं नाही.

“मी इच्यारलं हुतं की,” सयाजी म्हणाला. “ह्योच म्हणला, ऱ्हाऊ दे म्हणून. पोरी, नाव काय तुझं?”

“मनाली कांबळे.”

“कांबळे व्हय. मग बोर्डावर एक वळ वाढली असती. डिजिटल हाय, त्येला काय लागतंय?” असं म्हणून त्यानं तिच्या हातावर आणखी एक तांब्या पाणी घातलं.

चारचौघांत आहे म्हणून सयाजीदादा असं बोलला असेल, ही पळवाट ऋतुराजनं स्वतःसाठी काढून बघितली. ती फार अरुंद निघाली. सयाजीदादा खरा कसा आहे, हे त्याला अजूनही माहीत नव्हतं. त्यानं त्याला तसं असायची संधीच दिली नव्हती. स्वतः कसा आहे, ते मात्र चौकात सगळ्यांना कळलं होतं.

मनालीनं त्याच्याकडं बघितलं. रागानं बघितलं असतं तर बरं झालं असतं. एखादा बोर्ड वाळून फुटला की ती ज्या नजरेनं बघायची, तसं तिनं बघितलं. मग हात पुसले आणि स्कूटी काढली.

निकाल लागला. केंद्रातली खोली आणि दाबयंत्र चारा-फलकाला मिळालं. यादीत नाव एकच होतं, मनालीचं. अभिनंदनाला ऋतुराज गेला तेव्हा मनाली यंत्राचा दांडा फिरवत होती.

“चंद्री बरी आहे ना?” तिनं विचारलं.

“बरी हाय.”

“बरं झालं. माझा बोर्ड तिला आता जरा कमी हळदीचा करून देणाराय.”

‘माझा’ म्हणताना ती अडखळली नाही. पेठेपर्यंत तो चालत आला.

घरी महापालिकेची नोटीस येऊन पडली होती. विनापरवाना फलकाबद्दल, नाव फलकावरूनच घेतलेलं: पर्यावरणप्रेमी मा. ऋतुराजदादा इंगवले. खुलासा मागितला होता. त्यानं टेबलाशी बसून लिहिला.

“प्रति, मा. परवाना अधिकारी यांसी. विषय: विनापरवाना फलकाबाबत खुलासा. महोदय, सदर फलकावरील मजकूर खोटा असून फोटो अर्जदाराचा आहे. फलकाचा काही भाग म्हशीने नष्ट केला आहे, उर्वरित भाग अर्जदार स्वतः नष्ट करील. तथापि फलक छापण्यापूर्वी मंडळाचे अध्यक्ष यांनी अर्जदारास एक प्रश्न विचारला होता व अर्जदाराने त्याचे चुकीचे उत्तर दिले. सबब विनंती, की सदर प्रश्न अर्जदारास त्याच ठिकाणी, त्याच दिवशी, पुन्हा एकदा विचारण्याचे आदेश आपल्या स्तरावरून व्हावेत. अर्जदार आडनावासह उत्तर देण्यास तयार आहे. कळावे.”