तुऱ्याची खुंटी

गेल्या वर्षीच्या जत्रेत भर मैदानात लोरांटच्या शिरस्त्राणावरचा तुरा निसटला आणि घोड्याच्या टापांखाली गेला. लोक पोट धरधरून हसले. माइकवर तिहामेर होता. हा शाळेत इतिहास शिकवणारा आणि डॅन्यूबकाठच्या हौशी रोमन पलटणीचा म्होरक्या. तो म्हणाला, "मंडळी, आमच्या वेंडेल बाचींच्या कोंबडीनं पिसं टाकली. घाबरू नका, अंडी नंतर मिळतील."

अख्खं गाव ज्यांना बाची, म्हणजे काका म्हणतं, त्या वेंडेलना ते फार लागलं. उभा जन्म पोलाद कारखान्यात फिटर म्हणून गेलेला. त्यांनी आवळलेलं काही सैल झाल्याचं कुणी ऐकलं नव्हतं. निवृत्त झाल्यावर त्यांना शिरस्त्राणं घडवायचं वेड लागलं आणि पहिलंवहिलं त्यांनी घडवलं ते लोरांटसाठी. लोरांट त्यांचा जावई, एमेशेचा नवरा. पलटणीत घोडा ज्याचं खरोखर ऐकतो असा तेवढाच एक.

घडण सगळी जुन्या नमुन्याबरहुकूम. दोन लोखंडी वाट्या, मधोमध जोडपट्टी, पट्टीत खाच. खाचेत तुऱ्याचा लोखंडी कणा आणि कण्यावर घोड्याच्या शेपटीचे लाल रंगवलेले केस. कण्याचं मागचं टोक पार मानेवर आलेलं. आणि एवढं सगळं धरून ठेवायला काय, तर करंगळीएवढी मऊ लाकडाची खुंटी. संग्रहालयातल्या मूळ शिरस्त्राणाच्या भोकात लाकडाचा चुरा सापडला होता, म्हणून बाचींनीही लाकूडच घातलं होतं, पण नाक मुरडत.

"कंजुषी, दुसरं काय," ते म्हणायचे. "लोखंड संपलं असेल लेकाच्यांचं."

कोंबडीचा टोमणा त्यांनी हिवाळाभर चघळला. मग खुंटी फेकून दिली, पोलादी पिना घातल्या, दोन्ही टोकांना रिव्हेट ठोकली. तुऱ्याचं वजन पेलावं म्हणून हनुवटीखालचा पट्टाही दुहेरी केला. तिहामेरला घरी बोलावून म्हणाले, "ओढ. दम असेल तेवढा ओढ." तिहामेर लोंबकळला, लालबुंद झाला. तुरा ढिम्म.

"आता एकवेळ डोकं निघेल," बाची म्हणाले, "पण तुरा निघायचा नाही."

"अपा, काहीतरीच काय बोलता," एमेशे म्हणाली आणि वडिलांच्या बोलण्याची दृष्ट उतरावी म्हणून तिनं टेबलाखालचं लाकूड ठोकलं. तिहामेरला मात्र ते वाक्य इतकं आवडलं की त्यानं ते गावभर केलं.

जत्रेच्या दिवशी दुपारी बाची मैदानाबाहेर आपलं टेबल मांडून बसले होते. शेजारी लांगोशच्या जाड पुऱ्या तळत होते, सगळ्या शिरस्त्राणांना लसणाचा वास लागला होता. एक जाडसर गृहस्थ आला, त्यानं जुन्या घडणीतलं, लाकडी खुंटीचं एक शिरस्त्राण डोक्यावर चढवलं, पट्टा बांधला आणि बायकोकडून फोटो काढून घेतला. फोटो झाल्यावर बायकोनं ते काढायला मागून तुरा धरला आणि हिसका दिला. कटकन आवाज झाला. तुरा तिच्या हातात आला.

"अगं बाई, मोडलं वाटतं," ती ओशाळून म्हणाली.

"काय मोडलं?" नवऱ्यानं विचारलं. त्याला काही कळलंच नव्हतं. शिरस्त्राण डोक्यावर जिथल्या तिथे होतं आणि मान सरळ होती.

बाचींनी नेहमीची कुरकूर करायला तोंड उघडलं आणि त्यांची नजर खाली गेली. टेबलावर मोडक्या खुंटीचा तुकडा पडला होता. जुन्या लोकांच्या मनात काय होतं ते कुणी सांगावं, पण बाचींना त्या क्षणी पटलं की ती खुंटी मोडण्यासाठीच होती. तुऱ्याला कुणी हात घातला तर तुरा जावा, माणूस राहावा. आणि आपण तिथे पोलाद ठोकून बसलो.

तेवढ्यात माइकवर तिहामेर गरजला, "आता खास पुस्ताच्या माळरानावरून आलेले आपले हूण घोडेस्वार. आणि त्यांचे दोर."

दोराचं बाचींना ठाऊक होतं. दोराचा फास खांद्यांवर पडणार, लोरांट तो सैल धरून घोड्यावरून स्वतःच उडी मारणार, असं ठरलं होतं. जेवताना लोरांटनंच सांगितलं होतं. तेव्हा बाचींनी मान डोलावून पुढचा घास घेतला होता.

ते धावले. उजवा गुडघा कधीचाच कामातून गेलेला, तरी धावले. कठड्यापाशी पिवळ्या जाकिटातल्या पोरीनं अडवलं.

"बाची, इथून नाही जायचं. पलीकडून या."

"सोड मला. तो मरेल."

"नाटक आहे हो ते," ती हसून म्हणाली.

"लोरांट," बाची ओरडले. "टोप काढ. लोरांट."

आजूबाजूच्यांना वाटलं, म्हातारा जावयाला जोर चढवतोय. त्यांनीही सुरू केलं, लोरांट, लोरांट. टाळ्यांच्या तालावर. त्या गदारोळात लोरांटनं सासऱ्याला ओळखलं, हात उंचावला आणि मोठ्या अभिमानानं तुऱ्यावर थाप मारली.

पहिला दोर हुकला. बाची कठड्यावर पोटानं चढले आणि पलीकडे तोंडावर पडले. उठेपर्यंत दुसरा दोर आला. तो खांद्यांपर्यंत गेलाच नाही. तुऱ्याच्या मागच्या टोकात अडकला आणि ताणला गेला. लोरांटचा घोडा पुढे गेला. लोरांट मागे राहिला.

"पाहिलंत?" माइकवर तिहामेर म्हणाला. "तुरा जागचा हलला नाही. बाची, मानलं तुम्हाला." लोकांनी कडाडून टाळ्या वाजवल्या आणि कुणी शिट्टीही मारली.

बाची रांगतच पोचले. लोरांट उताणा पडला होता, शुद्धीवर होता. तुऱ्यामुळे डोकं जमिनीला टेकत नव्हतं, हनुवटी छातीत रुतली होती.

"अपा," तो म्हणाला, "माझे हात कुठे आहेत?"

हात त्याच्या अंगाशीच होते. बाचींनी एक उचलून आपल्या हातात घेतला, दाबला. पण लोरांट पुन्हा तेच विचारत राहिला.

एमेशे आली, तिच्यामागून रुग्णवाहिकेची माणसं फळी घेऊन आली. त्यांतल्या एकीनं लोरांटचं डोकं दोन्ही हातांनी धरलं.

"टोप काढायचा नाही, मान हलेल," ती म्हणाली. "पण वरचं हे काढा, म्हणजे डोकं फळीवर सपाट टेकेल. निघतं ना हे?"

बाचींची बोटं रिव्हेटवर गेली.

"नाही निघत," एमेशे म्हणाली. तिनं वडिलांकडे पाहिलं नाही. "अपांनी निघू नये असाच बसवलाय तो."