तापाआधीची पानं

मावशीने तिसऱ्या बाटलीचं झाकण काढलं, डोळे मिटले, आणि असा काही श्वास ओढला की वाटावं, आता दूधच नाकात जाईल.

"चार," ती म्हणाली. "ताजं आहे. म्हशीने सकाळी ओला चारा खाल्लाय. डाव्या दाढेने."

"मावशी, नुसता आकडा सांगा ना," डब्यापाशी बसलेली पोरगी म्हणाली.

पोरीच्या डब्याने दोन सांगितलं होतं.

डबा म्हणजे दुधाचा वास घेऊन आकडा देणारं यंत्र. पाच म्हणजे ताजं, एक म्हणजे नासलेलं. पोरीने तो स्वतःच्या हाताने बांधला होता आणि दोन वर्षं डेअरीच्या या तपासणीच्या खोलीत तो मावशीच्या नाकाशी जुळवत बसली होती. वासाच्या बाबतीत डेअरीत शेवटचा शब्द त्या नाकाचाच. सुरुवातीला डब्याचं आणि नाकाचं अगदी गूळपीठ होतं. मग मावशी आठवडाभर तापाने घरी राहिली, त्याच आठवड्यात पोरीने डब्यातली वास टिपणारी चकती बदलली, आणि तिथून जे बिनसलं ते बिनसलंच. तिने पुन्हा तीनदा चकती बदलली, तारा उपटून नव्याने जोडल्या, सुट्टीचे दिवस घालवले. मावशीच्या वहीत मात्र चार, चार, तीन, चार.

पाचातल्या चार बाटल्या आज जुळल्या नाहीत तर डबा गुंडाळायचा, असं साहेबांनी सांगून टाकलं होतं. पहिल्या दोन जुळल्या होत्या. तिसरी हुकली. आता एकही हुकून चालणार नव्हती.

तेवढ्यात डबा आपोआप केकाटायला लागला. समोर बाटलीसुद्धा नव्हती.

"आता हवाच नासली म्हणतोय मेला," पोरीने त्याला एक चापट दिली. डबा आणखीच केकाटला.

"अगं, रागावू नकोस. लहान आहे तो," मावशी चहाच्या खोलीच्या दाराला टेकून म्हणाली. "नाक कसं असावं सांगू? एकदा मी बसमध्ये होते. तीन स्टॉप आधीच मला वास आला, घरचं दूध उतू चाललंय. उडी मारली, धावत घरी गेले. बघते तर दूध पातेल्याच्या काठापर्यंत येऊन थांबलेलं. माझी वाट बघत."

पोरगी हसली नाही. तिने मान वर करून वास घेतला. मग उठली, मावशीच्या बाजूने वाट काढत आतल्या खोलीत गेली आणि गॅस बंद केला. मावशीनेच मघाशी चहासाठी दूध ठेवलं होतं. पातेल्याचा तळ कोळशासारखा झाला होता.

पातेलं घेऊन ती बाहेर आली. मावशीने पातेल्याकडे पाहिलं. मग तिचा हात सावकाश नाकापाशी गेला आणि तिथेच राहिला.

पोरीने पातेलं मोरीत ठेवून नळ सोडला.

साहेबांनी दारातून डोकं घातलं. "काय, जुळलं का? की गुंडाळायचं?"

पोरीने मावशीकडे पाहिलं.

"अजून दोन बाटल्या राहिल्यात," ती म्हणाली.

"आटपा. पाच मिनिटांत येतो."

साहेब गेले. मावशीने वही ओढली, बोटाला थुंकी लावली आणि पानं मागे उलटत गेली. बरीच मागे. एका कोऱ्या आठवड्यापाशी थांबून तिने त्याआधीच्या पानाचा कोपरा दुमडला.

"डबा जुळवायला इथपर्यंतची पानं घे," ती म्हणाली. "पुढची नको."

"मावशी, साहेब तुम्हाला बाटल्या धुवायला बसवतील."

"बसवू देत. येऊ दे त्यांना, मीच सांगते."

तिने चौथ्या बाटलीचं झाकण काढलं. बाटली सवयीने नाकापर्यंत नेली, आणि तशीच खाली आणून डब्यासमोर ठेवली.