राखीव ड्यूटी

राखीव ड्यूटी असली की घरात कोणाचाही फोन वाजो, कप्तानबाई निम्म्या उठलेल्या असत. राखीव म्हणजे दिवसभर घरीच राहायचं, पण इस्त्रीचा गणवेश आणि भरलेली बॅग तयार ठेवून. कंपनीने बोलावलं की तडक विमानतळ गाठायचा. पूर्वी अशी ड्यूटी क्वचित यायची आणि बहुधा कोरडीच जायची. पण मोठ्या विमान कंपन्यांनी भरघोस पगार देऊन या छोट्या कंपनीचे वैमानिक एकेक करून उचलले आणि मागे उरलेल्यांच्या दिवसांना काही धरबंधच राहिला नाही. सुट्टीसुद्धा नावापुरती उरली.

कप्तानबाई हे नाव त्यांच्या नवऱ्याने ठेवलेलं. त्याचं चष्म्याचं दुकान होतं. दुकान वेळेवर उघडायचं, वेळेवर बंद व्हायचं आणि त्या गोष्टीचा कप्तानबाईंना मनातून हेवा वाटायचा. त्यांनाही मोठ्या कंपनीतून बोलावणं आलं होतं. पण तिथे पुन्हा को-पायलटच्या खुर्चीपासून सुरुवात करायची आणि आठवडेच्या आठवडे घराबाहेर काढायचे. लेक दहावीला होती. त्यांनी नको म्हणून कळवलं आणि त्या दिवसापासून त्यांचं चित्त कशातच लागेना. केलेला चहा गार व्हायचा. सिनेमा लावला तरी अर्ध्यातून उठून त्या उगाच कपाटं आवरत बसायच्या.

ड्यूटी लावणाऱ्या बाईला सगळे वैमानिक कोकिळा म्हणत. तिला कोणी पाहिलेलं नव्हतं. ती दुसऱ्या गावातल्या कचेरीतून फोन करायची. आवाज असा मधाळ, की नाही म्हणायला जीभच रेटत नसे. "मॅडम, तुमच्याशिवाय कोण आहे मला," असं ती म्हणायची आणि कप्तानबाई बुटाच्या नाड्या बांधायला लागायच्या.

अशात त्यांना धाकट्याचा निरोप आला. हा एके काळी त्यांचा को-पायलट होता. त्याला विमान उतरवायला त्यांनीच शिकवलं, म्हणून तो त्यांचा धाकटा. आता तो एका एअर टॅक्सीच्या कंपनीत प्रशिक्षण प्रमुख झाला होता. गच्चीवरून उडायचं, चार माणसं घेऊन शहराच्या दुसऱ्या टोकाला उतरायचं आणि संध्याकाळी घरी. पगारही चांगला. एकदा बसून तर बघा, असा त्याने आग्रह धरला.

कप्तानबाई गेल्या. यंत्र बॅटरीवर चालणारं होतं, इंजिनाची घरघर नाही की काही नाही. धाकटा शेजारी बसला. यंत्र आपलं आपणच उचललं गेलं, आपणच वळलं. कप्तानबाईंना हातांचं काय करावं ते समजेना. परतताना गच्चीवर वाऱ्याचा एक झोत आला, यंत्र डावीकडे कललं आणि त्यांनी विचार करायच्या आत दांडा धरून ओढला. सगळं धाडकन हललं.

"सोडा, ताई," धाकटा शांतपणे म्हणाला. "ते बघतंय."

त्यांनी हात काढला. यंत्राने उतरणं रद्द केलं, एक फेरी मारली आणि अलगद टेकलं. चूक यंत्राची नव्हती. ही गोष्ट त्यांना उतरतानाच कळली आणि ती गिळणं जड गेलं.

"पुढे या खुर्चीचं काय होणार?" त्यांनी विचारलं.

धाकटा खोटं बोलणाऱ्यांतला नव्हता. सरकारी परवानगी मिळाली की इथे पाचवा प्रवासी बसेल, असं तो म्हणाला. वैमानिक खाली एका खोलीत बसून पडद्यावर चार-पाच टॅक्सींवर लक्ष ठेवेल. कधी ते मात्र कोणालाच ठाऊक नाही.

नोकरीच्या कागदपत्रांसाठी त्यांना बाहेरच्या दालनात बसवलं, पण त्या बसल्याच नाहीत. खिडकीपासून दारापर्यंत नुसत्या येरझारा घालत राहिल्या. कोपऱ्यातल्या कोचावर एक जाडसर, मध्यमवयीन बाई मानेला पट्टा लावून बसली होती. थोडा उशीर होईल, असं सांगायला तिथली मुलगी आली, तशी ती बाई म्हणाली, "त्रास कसला त्यात, मी थांबते की."

कप्तानबाई जागीच थबकल्या. तो आवाज झोपेतही ओळखला असता त्यांनी.

ओळख निघाल्यावर दोघी आधी हसल्या. कोकिळा इथे ड्यूट्या लावायच्याच जागेसाठी आली होती. तिकडे एकटीने चार माणसांचं काम ओढून मान आखडली, डॉक्टरांनी दम भरला, असं ती सांगत राहिली. मग कप्तानबाईंनी कित्येक महिने मनात असलेलं विचारलं. पहिला फोन नेहमी आपल्यालाच का?

"तुम्ही कधी दमलेय म्हणाला नाहीत," कोकिळा म्हणाली. "बाकी सगळे कधी ना कधी म्हणाले."

"म्हणून मी दमले नसेन, असं वाटलं तुम्हाला?"

"नाही हो. आवाजावरून कळायचं मला." तिने नजर खाली घातली. "पण विमान वेळेवर सोडायचं असायचं. तुम्ही हो म्हणायचात, मी फोन ठेवायचे."

कप्तानबाईंना राग आला, पण तो धड कोणावर काढायचा ते कळेना. तिच्यावर काढावा, तर ती मान वळवायलाही कण्हत होती. आणि इतक्या थकव्यात आपण भरलेलं विमान घेऊन उडत होतो, हे तर आपल्यालाही माहीत होतंच. कागद न भरताच त्या घरी आल्या.

दुसऱ्या दिवशी त्या थेट मुख्य वैमानिकांच्या खोलीत गेल्या. राजीनामा आहे का, असं साहेबांनी धसकून विचारलं. कप्तानबाई म्हणाल्या, नाही, पण सुट्टीच्या दिवशी मी येणार नाही, आणि नव्या पोरांना शिकवायचं काम मला द्या. साहेबांनी कपाळाला हात लावला. इथे विमान उडवायला माणूस नाही आणि तुम्हाला शिकवणी सुचतेय? कप्तानबाई म्हणाल्या, नवी पोरं वर्षात पळतात, कारण त्यांच्याजवळ बसायला कोणाला सवड नाही. साहेबांनी पगारवाढ देऊ केली. ती सगळ्यांनाच द्या, मग कोणी जाणार नाही, एवढं बोलून त्या उठल्या.

शिकवणी मिळाली. पगारवाढ कोणालाच मिळाली नाही. पुढच्याच सुट्टीला त्यांनी पहिल्यांदा नाही म्हटलं आणि विमान रद्द झालं. त्या दिवशी अडकलेल्या प्रवाशांच्या विचाराने त्या घरभर फिरत राहिल्या. शेवटी नवऱ्याने त्यांना दुकानात नेऊन काचा पुसायला बसवलं.

महिन्याभराने सरावाच्या यंत्रात, म्हणजे जमिनीवरच्याच नकली कॉकपिटमध्ये, त्यांच्या शेजारी पहिली विद्यार्थिनी येऊन बसली. बँकेतली नोकरी सोडून, कर्ज काढून वैमानिक झालेली, चेहरा ओढलेला.

"झोप झालीय?" कप्तानबाईंनी विचारलं.

"हो, मॅडम."

"खरं सांग."

तिने डोळे चोळले. मग हळूच म्हणाली, "नाही. काल राखीव होते, रात्री उशिरापर्यंत विमान उडवलं."

कप्तानबाईंनी यंत्र बंद केलं आणि तिला घरी पाठवलं. वरून विचारणा होणार, हे उघड होतं. यंत्राचं भाडं फुकट गेलं, म्हणून ओरडाही होणार होता. त्या रिकाम्या कॉकपिटमध्ये तशाच बसून राहिल्या, आणि एक पाय जमिनीवर आपटत काय उत्तर द्यायचं ते जुळवू लागल्या.