तेजल गप्प झाली, बरी झाली नव्हती

"शांत व्हई गई! मनी नात शांत व्हई गई!"

धुरपदाबाईंनी अतिदक्षता विभागाच्या दारातच लोटांगण घातलं. सोनगीरहून आलेली माणसं पार जिन्यापर्यंत दाटली होती. मधोमध गावचे भगत, भिकनबाबा.

"सात पिढ्यांचा नाग होता. उतरवला!"

सात पिढ्या! नागाचा जन्मदाखला बघितला असावा बाबांनी.

मी तिथली नर्स. त्या दुपारी नऊ वर्षांची तेजल "साप! साप!" ओरडत सलाइनच्या नळ्या उपटत होती. न्यूमोनिया झालेला, व्हेंटिलेटर नुकताच काढलेला. डॉक्टरांनी झोपेचं इंजेक्शन सांगितलं, मी दिलं. बाहेर आले तर बाबांनी काळजीने विचारलं, "सिस्टर, पोरीला सुई टोचली का?"

"आत्ताच," मी म्हणाले. लगेच मंत्र सुरू झाले. पाच मिनिटांत चमत्कार!

दुसऱ्या सकाळी बाबांनी पुन्हा दारात येऊन हुकूम सोडला, "पोरीला मठात आणा." तेजलचा ऑक्सिजन अजून चालू होता, आणि तिचे वडील भूपेंद्रभाऊ घरी नेण्याच्या कागदावर सही करायला निघाले होते. मी त्यांना आणि तिच्या आईला, रत्नाताईंना, खाटेजवळ नेलं. इंजेक्शनचा अंमल केव्हाच उतरला होता.

"ताई, हाक मारा."

"तेजू! ए तेजू!"

तेजल छताकडे बघत राहिली. बोटं चादर चिमटत होती.

"सिस्टर, ही माले वळखत नही!" रत्नाताई रडू लागल्या.

"तिच्या मेंदूचा गोंधळ उडालाय. याला डेलिरियम म्हणतात. मोठा आजार, औषधं, झोपमोड यांनी होतो. काल ती ओरडत होती, आज गप्प आहे. आजार तोच."

रात्रभर आम्हीही तिच्या नोंदींच्या कागदावर 'शांत' एवढंच लिहिलं होतं. त्याचा संताप मला आजही येतो.

बाबांनी सुईबद्दल विचारलेलं मी सांगितलं. भूपेंद्रभाऊ तडक बाहेर बाबांसमोर गेले.

"बाबा, सुई दिल्याशिवाय मंत्र का नाही म्हटला?"

"श्रद्धा नाही तुझी!"

"नाग उतरला, तर पोर आईला का ओळखत नाही?"

बाबा जिना उतरले. तरी वाटेत गावातले दोघं त्यांच्या पाया पडलेच!

डॉक्टरांनी पुन्हा सगळ्या तपासण्या केल्या, झोपेची औषधं कमी केली. रत्नाताईंना खाटेशी बसू दिलं, दिवसा पडदे उघडले, रात्री दिवे मंद केले. पाचव्या दिवशी तेजलने आईचं बोट धरलं. "आई, त्या नळ्या वळवळत होत्या."

आजारी मूल बरळलं तर भगत शोधू नका. अचानक गप्प झालं तर हायसं वाटून घेऊ नका. हाक मारा, नजर वळते का बघा. नाही वळली, तर डॉक्टरांना बोलवा. आणि "शांत आहे की" म्हणून आम्हीच तुम्हाला परत पाठवलं, तर दारातून हलू नका.